हौशी हिलक्लाइंब: मी चालेन, पण साडेसतरा वर्षांच्या भाच्याचं काय? आणि स्क्रुटिनीत गाडी कशावर अडकते?

गंगापूर_रोडकर:

मंडळी, यंदा दिवाळीनंतर मुरमाच्या टेकडीवरच्या हिलक्लाइंबला, म्हणजे टेकडी चढून जायच्या शर्यतीला, पहिल्यांदा एंट्री टाकायची आहे. माझं वय ३४, गिअरच्या गाडीचं लायसन्स आहे, स्पर्धेचा अनुभव शून्य. गाडी म्हणजे मोटरसायकल, एक्सपल्स २०० फोर व्ही, पण आरसी वडिलांच्या नावावर.

भाचा साडेसतरा वर्षांचा. आरटीओचं कसलंच लायसन्स नाही, पण मातीत गाडी बरी सांभाळतो. त्याच्यासाठी अपाचे १६० फोर व्ही आहे. तिचं बोअरचं काम झालंय, म्हणजे सिलिंडर घासून मोठा केलाय, आत पिस्टन किती ओव्हरसाइज टाकला ते मेकॅनिकला आठवत नाही.

भाच्याला उतरता येईल का? संमतीपत्रावर मामा म्हणून माझी सही चालेल का? ताई तयार आहे, पण ती नागपूरला असते. नवख्याची गाडी स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीत, नेमकी कशावर अडकते? आणि सराव कुठे करायचा? एक मित्र म्हणतो, पहाटे पेठ रस्त्यावरच्या सावळ घाटात जाऊ, रस्ता मोकळा असतो.


स्क्रुटिनी_टेबल:

हिलक्लाइंबचे नियम असे एका कागदावर नसतात. वर फेडरेशनची, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टची संस्था एफएमएससीआयची, सर्वसाधारण नियमावली असते. तिच्या खाली त्या स्पर्धेची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, ज्यांना सगळे एसआर म्हणतात. गट, सीसी, किमान वय, किती रन (चढाईच्या फेऱ्या), त्यातला सगळ्यात चांगला धरायचा की बेरीज, जंप स्टार्टला (इशाऱ्याआधी सुटल्यास) किती सेकंदांचा दंड, हे सगळं एसआरमध्ये. एसआरनंतर बुलेटिन निघालं तर एसआरपेक्षा बुलेटिन खरं. म्हणून आदल्या संध्याकाळी नोटीस बोर्ड वाचायचा. 'मागच्या वर्षी असं होतं' हे वाक्य टेबलावर कुणी ऐकून घेत नाही.

आरटीओचं लायसन्स आणि स्पर्धेचं लायसन्स या वेगळ्या वस्तू. फेडरेशनची परवानगी असलेल्या स्पर्धेला फेडरेशनचं कॉम्पिटिशन लायसन्स लागतं. अर्ज ऑनलाइन होतो. फोटो, वयाचा पुरावा, रक्तगट आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र फेडरेशनच्या नमुन्यातच हवं, डॉक्टरच्या लेटरहेडवरचं 'फिट आहे' चालत नाही. खाली डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का दोन्ही बघा, निम्मे अर्ज तिथेच परत येतात. रक्तगट तोंडी सांगू नका, लॅबचा कागद ठेवा. फिट्स येत असतील किंवा अलीकडे हाड मोडून आत प्लेट असेल तर लपवू नका. अपघात झाला तर पहिली चौकशी त्याचीच होते आणि विम्याचं घोडं तिथेच पेंड खातं.

लायसन्स कॅलेंडर वर्षाचं असतं. डिसेंबरात काढलं तर महिन्याभरात पुन्हा पैसे भरायची वेळ येते. तुमची स्पर्धा दिवाळीनंतर आहे, तेव्हा तारीख जाहीर झाली की लगेच अर्ज करा, पण ती जानेवारीत सरकली तर नवीन वर्षाचं काढा.

आता भाचा. मामाची सही चालणार नाही. आई, वडील किंवा कोर्टाने नेमलेला पालक, एवढेच. करार कायद्याप्रमाणे अज्ञानाने, म्हणजे अठराच्या आतल्याने केलेला करार मुळातच रद्दबातल. १९०३ चा मोहरी बीबीचा निवाडा वकील मंडळी झोपेतही सांगतात. म्हणजे भाच्याने स्वतः सही केलेल्या इंडेम्निटी बाँडला (नुकसानीच्या हमीपत्राला) रद्दीचा भाव. ताईंनी नागपूरलाच नोटरी करून मूळ प्रत कुरिअरने पाठवावी, सोबत ओळखपत्राची सही केलेली झेरॉक्स. मोबाईलवरचा फोटो धरून टेबलासमोर उभं राहू नका. स्पर्धेच्या दिवशी पालक हजर हवा अशी अट एसआरमध्ये असेल तर ताईंच्या अधिकारपत्रावर तुम्ही चालाल का, हे आयोजकाला आधी लेखी विचारा.

किमान वय गटागणिक वेगळं असतं, ते एसआरमध्येच बघायचं. टेकडी खासगी असेल, कुंपण असेल आणि लोकांना येण्याजाण्याचा हक्क नसेल तर आरटीओ लायसन्सचा प्रश्न कायद्याने येत नाही, तरी काही आयोजक सरसकट मागतात. डांबरी घाट बंद करून होणाऱ्या हिलक्लाइंबला मात्र ते लागतंच, तिथे भाचा यंदा बसून राहणार.

आणि गाडी टेकडीपर्यंत भाच्याने चालवत न्यायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ वाचा: पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. छोटा हत्ती करा.

वडिलांच्या नावावरची गाडी चालते. आरसीची प्रत आणि वडिलांचं ना-हरकत पत्र घ्या, पत्रात चासी नंबर लिहा. नुसतं 'माझी गाडी वापरण्यास हरकत नाही' लिहिलेलं असलं की कुठली गाडी, असा प्रश्न येतो.

साहित्याचं थोडक्यात. हेल्मेट फुल फेस किंवा मोटोक्रॉस, ईसीई २२.०५ / २२.०६ किंवा स्नेलचं लेबल शाबूत. नुसत्या आयएस ४१५१ वर चालेल का हे एसआर सांगेल, रस्त्यावर चालतं म्हणून इथे चालेलच असं नाही. तपासताना आम्ही पट्टा लावायला सांगतो आणि हेल्मेट मागून धरून पुढे उपसतो. डोक्यावरून निघालं की बाद, मग ते तीस हजारांचं असो. हेल्मेटवर कॅमेरा चालत नाही. अंगावर ईएन १६२१ चं आर्मर: छाती, पाठ, कोपर, गुडघा. बूट घोट्याच्या वरपर्यंत, ट्रेकिंगचे नकोत. अंगठी, कडं, साखळी, मनगटावरचा गंडा, सगळं काढून खिशात नाही, घरी.


अंबड_लेथ:

गाडीचं मी सांगतो भो. नवख्यांची गाडी इंजिनावर क्वचितच अडकते. अडकते ती दहा रुपयांच्या वस्तूवर.

लिव्हरच्या टोकाला गोळी हवी, एफआयएमच्या (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल फेडरेशनच्या) नियमात किमान १६ मिमी व्यासाची. एकदा आपटून गोळी तुटली आणि घासून गोल केली की टोक सुरीसारखं होतं, पोटात जातं. स्पेअर लिव्हर घेऊन जा. हँडलबारची दोन्ही टोकं बंद हवीत. ग्रिप फाटून पाइपाची कड दिसत असली की गाडी परत. थ्रॉटल सोडला की आपोआप 'टक' बंद झाला पाहिजे, तोही हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून. केबल टँकखाली दाबली गेली असेल तर डावीकडे वळवल्यावर आरपीएम चढतात. फूटपेग स्प्रिंगने परत येणारा. आरसे, इंडिकेटर, साइड स्टँड, मेन स्टँड, साडी गार्ड, क्रॅश गार्ड, मागची ग्रॅब रेल काढा. काचेच्या दिव्यावर टेप. ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि फिलर कॅप तारेने बांधायची. बोल्टच्या डोक्याला दीड मिमीचं भोक पाडायला ड्रिल मशीनवर पाच मिनिटं लागतात, पण आदल्या रात्री पाडायला गेलात तर बिट तुटून आत बसतं. तार बोल्ट आवळण्याच्या दिशेला ओढेल अशी बांधा, उलटी बांधलेली तार शोभेची.

साइड स्टँड काढल्यावर घोळ होतो तो सेन्सरचा. स्टँड गेला की गाडी समजते स्टँड खाली आहे, गिअर टाकला की बंद. सेन्सरचा कनेक्टर गाडीगणिक वेगळा. काहीत दोन वायरी जोडायच्या, काहीत मोकळ्या सोडायच्या, काहीत चुंबक जागेवर ठेवायचं. सर्किट बघितल्याशिवाय कात्री लावू नका.

आता किल स्विच, म्हणजे दोरीवाला. मुरमाच्या उभ्या चढाला ही दोरी बहुतेक ठिकाणी सक्तीची असते आणि ज्याने सक्ती केली त्याचं भलं होवो. गाडी अंगावरून मागे येते तेव्हा चाक फिरत असतं.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक दोरी निघाली की ग्राउंड करणारा: तो मॅग्नेटोवर चालणाऱ्या जुन्या सीडीआय इग्निशनच्या गाड्यांचा. दुसरा दोरी निघाली की सर्किट तोडणारा: तुमच्या इंजेक्शनच्या एक्सपल्सला हाच. दुकानदार पहिलाच हातात देतो, कारण तो स्वस्त. तो इंजेक्शनच्या गाडीच्या सप्लायच्या वायरीला लावलात तर दोरी ओढल्यावर थेट शॉर्ट, फ्यूज जातो, नशीब वाईट असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. तोडणारा स्विच मूळच्या लाल किल स्विचच्या सप्लाय वायरीत सिरीजमध्ये टाका. दोन्हींपैकी कुठलाही बंद केला की इंजिन बंद. वायर ०.७५ चौरस मिमीची, सोल्डर करून वर हीट श्रिंक. पिळून टेप लावलेला जोड पहिल्याच रनला हादऱ्याने सुटतो आणि तुम्ही अर्ध्या चढावर उभे. स्टिअरिंगच्या मानेजवळ वायरीला ढिलाई ठेवा, हँडल दोन्हीकडे लॉकपर्यंत वळवून बघा, तुटते ती तिथेच.

दोरी मनगटाला. चढावर टँकवर झोपलात, मागे सरकलात, तरी ओढू नये. बाजूला पडलात तर लगेच निघावी. गाडीवर बसून मोजा, दुकानात नाही. तपासणी अशी: आयडलवर ओढा, मग तीन-चार हजार आरपीएमवर ओढा. दोन्ही वेळा इंजिन गप्प. मग दोरी न लावता चावी ऑन करा, पेट्रोल पंपाचा आवाज यायला नको. आवाज आला म्हणजे तुम्ही इग्निशन तोडलंय, पंप अजून जिवंत आहे.

अपाचेचं बोअर. इथे अंदाज चालत नाही. १६० फोर व्हीचा मूळ बोअर ६२ मिमी, स्ट्रोक ५२.९, म्हणजे १५९.७ सीसी. अर्धा मिमी ओव्हरसाइज टाकला तर १६२.३. एक मिमी टाकला, बोअर ६३, तर १६४.९. गट '१६५ पर्यंत' असेल तर ही गाडी एक दशांश सीसीने आत आहे. आणि बोअर ६३ च्या वर थोडा जरी घासला गेला असेल तर बाहेर. हेड उघडा, व्हर्निअर नको, बोअर गेजने वर, मध्ये, खाली मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा ठोकलेला असतो, तोही बघा. गट '१६० पर्यंत' असेल तर कुठलाही ओव्हरसाइज बाद, वाद नको. आणि 'स्टॉक' गटात ओव्हरसाइज चालतो का हे एसआरमध्ये शोधा. काही ठिकाणी कंपनीचा पहिला ओव्हरसाइज चालतो, काही ठिकाणी नाही.

गिअरिंगसाठी पुढचं स्प्रॉकेट १३ वरून १२ केलं की ओढ आठ टक्के वाढते. मागे ४० चं ४३ केल्यासारखंच, पण शंभर-दोनशे रुपयांत. तोटा हा की १२ दातांवर चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) रबर लवकर खाते.

टायर. एक्सपल्सला स्पोकची रिम आणि ट्यूब आहे, मागे रिम लॉक (टायर रिमवर सरकू न देणारी पकड) टाका, मग १२-१४ पीएसआयला जाता येतं. व्हॉल्व्हची बाहेरची नट रिमला आवळू नका. टायर सरकला की व्हॉल्व्ह तिरका होऊन आधी इशारा देतो, आवळलेला व्हॉल्व्ह सरळ मुळातून उपटतो. अपाचेला अलॉय ट्यूबलेस, तिथे रिम लॉक बसत नाही. १८ च्या खाली उतरलात तर बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, सुटायची भीती. भाच्याला हे सांगून ठेवा, पोरं हवा सोडत सुटतात.


पहाट_सवारी:

एवढी कागदपत्रं जमवेपर्यंत गाडी म्हातारी होईल. सावळ घाट पहाटे साडेपाचला, कुत्रं नसतं रस्त्यावर. टाइम लावायला फोन पुरतो.


सातबारा_आठअ:

@पहाट_सवारी, कुत्रं नसतं, ट्रक असतो. तो राष्ट्रीय महामार्ग ८४८ आहे, पेठवरून गुजरातची मालवाहतूक रात्रभर त्याच रस्त्याने उतरते. पहाटे साडेपाचला चालक अर्धा झोपेत आणि ब्रेक तापलेले.

कायद्याचं म्हणाल तर कलम १८९. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणं, त्यात भाग घेणं, दोन्ही गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. 'वेगाची चाचणी' हे शब्द नीट वाचा. एकट्याने फोनवर टाइम लावून गेलात तरी तेच कलम लावायचा प्रयत्न होऊ शकतो. आणि 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे फक्त डांबरी रस्ता नाही. जिथे जनतेला जायचा हक्क आहे ते कुठलंही ठिकाण. पाणंद रस्ताही त्यात येऊ शकतो.

विमा पण बघा. आपल्या साध्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल वगळलेले असतात. वैयक्तिक अपघात पॉलिसीतही साहसी खेळांची ओळ शोधा. परवानगी असलेल्या स्पर्धेत आयोजकाचा विमा असतो. त्याची रक्कम आणि त्यात काय येतं ते एंट्री भरायच्या आधी विचारा, लाजू नका.

फेडरेशनचं लायसन्स हातात असताना विनापरवाना स्पर्धेत उतरलात तर ते लायसन्स धोक्यात येतं, हेही राहिलं.

सरावाची जागा. नाशिकच्या आजूबाजूला टेकड्या खंडीभर आहेत, म्हणून लोकांना वाटतं कुठेही जावं. अंजनेरी नको: ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका उगवते, जी जगात जवळजवळ तिथेच आहे, गिधाडं आहेत. एका बटण टायरचा चर दोन पावसाळे भरत नाही. ब्रह्मगिरीबद्दल तर बोलायलाच नको. देवळालीकडे लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत. पाटी दिसली नाही म्हणून आत गेलात तर खाली न फुटलेला दारूगोळाही असू शकतो. सप्तशृंग गडाचा घाट यात्रेकरूंचा.

राहते ती खासगी जमीन. सातबारा काढा आणि 'इतर हक्क'चा रकाना वाचा. तिथे वनाचा शेरा असेल तर मालकाने हो म्हटलं तरी तुम्ही नाही म्हणा. गायरान ही सरकारी जमीन, सरपंचांची तोंडी परवानगी पुरत नाही. मालकाकडून तारखेसह लेखी संमती घ्या. आणि हौसेने जेसीबी लावून चढ कापू नका. मुरूम हे गौण खनिज आहे, तलाठ्याच्या नजरेत ताजा कापलेला डोंगर सगळ्यात आधी येतो. हवा तेवढा नैसर्गिक उतार शोधा, मिळतो.


गंगापूर_रोडकर:

सगळ्यांचे आभार. घाटाचा विषय संपला. दिंडोरीकडे ओळखीच्यांची पडीक जमीन आहे, सातबारा काढतो. अपाचेचं हेड या रविवारी उघडतो.

अजून दोन प्रश्न. आम्ही गेलो तर चढ साधारण तीस अंशांचा असेल. पुढचं चाक उचललं जाऊन मागे पडायची भीती वाटते, यावर नियमात काही आहे का, की रायडरनेच सांभाळायचं? आणि अर्ध्यावर अडकलो तर काय धरतात? शून्य?


चढ_उतार:

आधी तीस अंश म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा, लोक अंश आणि टक्के एक करतात. तीस अंश म्हणजे सुमारे ५८ टक्के: शंभर फूट आडवं गेलात की अठ्ठावन्न फूट वर. ४५ अंश म्हणजे शंभर टक्के. पोस्टरवर 'साठचा चढ' लिहिलेलं असेल तर आयोजकाला विचारा, साठ काय?

पुढचं चाक का उचलतं त्याचा हिशोब सोपा आहे. समजा गाडी आणि तुम्ही मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून ७०० मिमी उंच आणि मागच्या एक्सलच्या ६५० मिमी पुढे. सपाटीवर गाडी उचलायला ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) पेक्षा जास्त प्रवेग लागेल, तो या गाड्यांत नाही. तीस अंशांवर मात्र ०.३ जी ला चाक उचललं. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की तेवढा मिळतो. परदेशातल्या मुरमी हिलक्लाइंबच्या गाड्यांचं स्विंगआर्म एवढं लांब का असतं, त्याचं उत्तर इथेच आहे. एक्सल १५० मिमी मागे नेला की हीच मर्यादा ०.३ वरून जवळपास ०.५ होते. तुमच्या गटात, म्हणजे स्टॉक किंवा हौशी गटात, स्विंगआर्म बदलणं बहुतेक एसआरमध्ये बंदच. एक्सपल्सचा व्हीलबेस (दोन्ही एक्सलमधलं अंतर) १४१० मिमी आहे, त्यातच भागवायचं. मागचा एक्सल समायोजनाच्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे घ्यायला कुणी हरकत घेत नाही, पण चेनमध्ये तेवढी लिंक हवी, नाहीतर ताणलेली चेन सस्पेन्शन दबल्यावर गिअरबॉक्सचा शाफ्ट ओढते.

बाकी सगळं शरीराने. छाती टँकच्या टोपणावर, कोपर बाहेर, पाय पेगवर आणि गुडघ्यांनी टँक दाबलेला. बसून गेलात की वजन मागे. उभं राहून हात ताठ ठेवलेत तर हँडलला लटकता आणि तेच ओढून चाक वर घेता. नवख्याने दुसऱ्या गिअरमध्ये सुटावं. पहिल्यात सुटलं की पायथ्याच्या मऊ मातीत चाक खड्डा खोदतं, मग पकडतं आणि गाडी उभी राहते. चढाच्या आधीच्या सपाट पट्ट्यातच वेग मिळवायचा. चढावर वेग मिळत नसतो, फक्त खर्च होतो.

नियमात तुम्ही विचारता तसं 'चाक उचलू नये' असं काही नाही. पण मार्शलला रन थांबवायचा अधिकार आहे आणि लाल झेंडा दिसला की थ्रॉटल बंद, वाद वर जाऊन. उभ्या चढांवर कडेला गाडी पकडणारी माणसं ठेवलेली असतात. त्यांची जागा रायडर ब्रीफिंगमध्ये दाखवतात. ब्रीफिंग चुकवलं तर काही ठिकाणी स्टार्टच देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

अर्ध्यावर अडकलात तर दोन पद्धती. घाटासारख्या लांब हिलक्लाइंबला फिनिश नाही म्हणजे वेळ नाही, रन गेला. मुरमाच्या छोट्या उभ्या टेकडीला न पोचलेल्यांचं अंतर मोजतात. वर पोचलेले सगळे वेळेने आधी, मग राहिलेले अंतराने. अंतर नेमकं कुठवर धरायचं, पुढच्या चाकापर्यंत की गाडी जिथे थांबली तिथवर, हे एसआरमध्ये असतं. नसेल तर ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारा. नंतर विचारलं की तक्रार होते.

अडकल्यावर काय करायचं ते भाच्याला घरीच शिकवा, कारण तिथे कळत नाही. गाडी थांबतेय असं वाटताच पुढचा ब्रेक आणि किल स्विच. इंजिन बंद, गाडी गिअरमध्येच राहू द्या, मागचं चाक ब्रेकसारखं धरतं. पुढच्या ब्रेकवर एकटा विश्वास नको. चढावर पुढच्या चाकावर वजनच उरलेलं नसतं, ते लॉक होऊन खाली घसरतं. मग गाडी चढाच्या बाजूला आडवी करा आणि तुम्हीही वरच्या बाजूला उतरा. गाडीच्या खालच्या बाजूला उभं राहून ती धरायला जाऊ नका. एक्सपल्स १५० किलोच्या वर आहे. चढावर गाडी फिरवून खाली वळवायचा मोह होतो, तोही नको. क्लच थोडा दाबत, सोडत, गिअरच्या जोरावर, मार्शलच्या मदतीने मागे उतरवा. पडल्यावर पुन्हा स्टार्ट होत नसेल तर बॅटरीला शिव्या देऊ नका. इंजेक्शनच्या गाड्यांत आडवं पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, चावी पूर्ण बंद करून पुन्हा ऑन करावी लागते. दोरी परत लावायची राहिलेली असते ते वेगळंच.

वर पोचलात तर खाली यायची वाट वेगळी असते आणि सगळे मिळून, मार्शलने सोडल्यावर येतात. हेल्मेट काढून, एका हाताने फोन धरून उतरणारे वर्षाला दोन तरी बाद होतात. तोवर रन संपलेला नसतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.


स्क्रुटिनी_टेबल:

@चढ_उतार ने सांगितलंय त्यात एक जोडतो. प्रोटेस्ट (निकालाविरुद्धची तक्रार) लेखी, ठरलेल्या फीसह, आणि निकाल लावल्यापासून मर्यादित वेळेत, बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात. तांत्रिक प्रोटेस्टला इंजिन उघडायचं डिपॉझिट वेगळं. गाडी नियमात निघाली तर ते डिपॉझिट ज्याची गाडी उघडली त्याला दुरुस्तीसाठी जातं. म्हणूनच अपाचेची मापं आत्ताच लिहून ठेवा म्हटलं. १६४.९ वाली गाडी जिंकली की शेजारचा प्रोटेस्ट घालणार, हे गृहीत धरा.

आणि सर्दीसाठी गोळी घेणार असाल तर पाकिटावर स्युडोएफेड्रिन आहे का बघा. ठरावीक प्रमाणापलीकडे ते स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे. हौशी स्पर्धेत तपासणी क्वचित होते, पण लायसन्स फेडरेशनचं आहे. दारूचं सांगायला नको, सकाळी सातला श्वास तपासतात आणि आदल्या रात्रीची पण दिसते.


गंगापूर_रोडकर:

नोंद केली. शेवटचं: छोट्या हत्तीत गाडी आडवी न पडता कशी बांधायची? भाच्याने मागच्या वेळी साइड स्टँडवर उभी करून एक दोरी लावली होती.


अंबड_लेथ:

साइड स्टँडवर नको, तुम्ही तो काढणारच आहात. पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवा, मागे गिअर टाकून ठेवा. रॅचेट पट्टे चार. पुढचे दोन ट्रिपल क्लॅम्पला (पुढचे फोर्क धरणाऱ्या जोडाला), हँडलबारला नाही, तो फिरतो. दोन्ही बाजूंना समान ओढा, सस्पेन्शन साधारण निम्मं दबेल एवढंच. पूर्ण दाबून मुक्काम केलात तर ऑइल सीलवर ताण राहतो आणि सकाळी तेलाचे ओघळ स्क्रुटिनीला दिसतात. लांब जायचं असेल तर चाक आणि मडगार्डच्या मध्ये लाकडाचा ठोकळा द्या. मागचे दोन पट्टे फक्त डोलू नये म्हणून. पेट्रोल अर्ध्या टाकीखाली, आणि खाली ताडपत्री. पॅडॉकमध्येही (स्पर्धेच्या ठिकाणी गाड्या ठेवायच्या जागेतही) तीच गाडीखाली अंथरायची, मातीत ऑइल सांडलं की आयोजक दंड लावतो.